नाडी लागत नाही, तरी माणूस जिवंत



लातूरकडचा हापसा आठवा. दांडा दाबला की पाणी उसळते, सोडला की ओसरते. हृदयाचेही तसेच. नांदेडला गोदाकाठच्या शेतातली मोटर मात्र पाणी एकसारखे लोटते. दुबळ्या हृदयाला आज जो पंप जोडतात तो या मोटरीच्या जातीचा. डाव्या कप्प्यातले रक्त ओढून तो महाधमनीत लोटतो. म्हणून पुष्कळदा मनगटाला नाडी लागत नाही, आणि माणूस समोर बसून चहा पीत असतो!

मग रक्त वाहते हे ओळखावे कसे? डॉप्लरने. धावत्या रक्तकणांवरून परतणाऱ्या ध्वनीची पट्टी बदलते. त्यावरून वेग कळतो. (तत्त्व १८४२ चे आहे.) निरोगी धमनीच्या आलेखात उभे सुळके दिसतात. पंपवाल्याचा आलेख बुटका, बोथट, माळरानासारखा. एरवी असा आलेख पाहून डॉक्टर म्हणतील, वर कुठेतरी धमनी तुंबली. इथे तो पंपाचाच गुण असतो. उलट मानेची धमनी खरोखर अरुंद झाली, तरी वेगाचा आकडा हवा तेवढा चढत नाही आणि रोग निसटू शकतो. जुने माप नव्या यंत्राला लावल्याचे परिणाम आम्ही कामगारांनी पुष्कळ भोगले आहेत!

हा पंप विजेवर चालतो. वायर पोटाच्या कातडीतून बाहेर बॅटरीला जाते. तेव्हा शेजारी असा रुग्ण असेल, तर वीज गेल्यावर आधी त्याच्या घरी डोकवा. तो बेशुद्ध पडला, तर नुसती नाडी चाचपून 'गेला' म्हणू नका. श्वास पाहा, छातीला कान लावून पंपाची घरघर ऐका, बॅटरीची जोडणी तपासा आणि ताबडतोब डॉक्टरला बोलवा.