पाळण्यापासून पंचाहत्तरीपर्यंत
(मंडळाच्या गणेशोत्सवात कोलकाता येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



आरतीला अजून अर्धा तास आहे, तेवढ्यातच मी माझे बोलणे आटोपणार आहे.

आपल्यापैकी बरेच जण बँकेत, रेल्वेत किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत. दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. सामान बांधताना देव, भांडी, शाळेचे दाखले सगळे आठवणीने घेतले जाते. मुलाचे लसीकरणाचे कार्ड मात्र कुठल्या तरी खोक्याच्या तळाशी जाते. आणि घरातल्या आजी-आजोबांचे असे कार्ड कधी केलेलेच नसते. आज मला या दोन्ही कार्डांबद्दल बोलायचे आहे.

लशीचे महत्त्व या शहराला वेगळे सांगायला नको. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण म्हणजे गंगेपलीकडच्या हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी. ती तारीख होती १३ जानेवारी २०११. त्यानंतर २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. घरोघरी फिरून थेंब पाजणाऱ्या हजारो कार्यकर्त्यांचे हे यश आहे.

आता बाळाचे वेळापत्रक पाहू. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि शक्यतो चोवीस तासांच्या आत कावीळ 'ब'ची लस. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ 'ब' आणि हिब या पाचांविरुद्ध एकच सुई. त्याच सुमारास रोटाव्हायरस, न्यूमोकोकल आणि पोलिओच्या लशी. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, आणि सोळा ते चोवीस महिन्यांत तिचा दुसरा डोस व बूस्टर. पाच-सहा वर्षांना पुन्हा बूस्टर. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी. हे सारे सरकारी केंद्रात मोफत मिळते. गालगुंड, कांजिण्या, विषमज्वर यांच्या लशींबद्दल आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

बदली होणाऱ्यांसाठी तीन गोष्टी सांगतो. पहिली, हे राष्ट्रीय वेळापत्रक आहे. नागपुरात सुरू केलेला क्रम कोलकात्यात किंवा कोचीत पुढे चालू ठेवता येतो. दुसरी, एखादा डोस चुकला तर सहसा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबलो तिथून पुढे जायचे. "आता उशीर झाला, राहू दे" असे म्हणून लस सोडून देणे हेच खरे नुकसान. तिसरी, जपानी मेंदूज्वराची लस ठरावीक जिल्ह्यांतच दिली जाते. नव्या गावी गेल्यावर तिथल्या आरोग्य केंद्रात तिची चौकशी जरूर करावी. साधी सर्दी असेल तर लस पुढे ढकलू नका. सुईनंतर एक-दोन दिवस थोडा ताप येणे, पाय दुखणे हे नेहमीचे आहे.

मुली मोठ्या झाल्या की आणखी एक लस महत्त्वाची, ती एचपीव्हीची. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून ती मोठे संरक्षण देते. नऊ ते चौदा या वयात ती देणे सर्वांत चांगले. लग्न ठरलेल्या मुलीने रुबेलाची लस झाली आहे का, हे तपासून घ्यावे. गरोदरपणी रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांना इजा होऊ शकते. मात्र ही लस गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ देऊ नयेत. म्हणून ती आधीच घ्यायला हवी.

आता समोरच्या रांगेत बसलेल्या ज्येष्ठ मंडळींकडे वळतो. "या वयात कसली लस?" असे आपण हसून म्हणता. पण उतारवयात प्रतिकारशक्ती मंदावते आणि साध्या फ्लूचा न्युमोनिया व्हायला वेळ लागत नाही. फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून ती लस दर वर्षी घ्यायची. पासष्टीनंतर न्यूमोकोकलची लस. मधुमेह, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर ती आधीही घ्यावी लागते. टीडीचा बूस्टर दर दहा वर्षांनी. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत सोडून द्या. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसांत दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. तिची वेदना कधीकधी महिनोन्‌महिने छळते. पन्नाशीनंतर दोन डोसांची लस घेता येते. मोठ्यांच्या या लशी बहुतेक ठिकाणी स्वखर्चाने घ्याव्या लागतात, तेव्हा आपल्या डॉक्टरांशी बोलून, प्रकृती पाहून क्रम ठरवावा.

शेवटी एक विनंती. उत्सवासाठी गावाहून आई-वडील, सासू-सासरे आले आहेत. विसर्जनापूर्वी एका दुपारी सर्वांनी बसून घराची एक वही करा. प्रत्येकाला एक पान, त्यावर लशीचे नाव, तारीख आणि पुढची तारीख. स्थानिक भाषेतल्या कार्डावरची माहिती इंग्रजीतही उतरवून घ्या, म्हणजे पुढच्या राज्यातल्या परिचारिकेला ती वाचता येईल. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आणि बदलीच्या वेळी ही वही देवांच्या पेटीतच ठेवा. ती पेटी आपण कधीच विसरत नाही.

गणपती बाप्पा मोरया!