गोळी पेंडीचा धनी कोण?

इथेनॉलची चर्चा पेट्रोलपंपापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. गव्हाणीपर्यंत ती क्वचितच पोहोचते. वास्तविक आसवनीत गेलेल्या मक्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गव्हाणीकडेच परत यावयाचा असतो. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळते. त्यात खर्ची पडते ते केवळ पिष्ट. प्रथिने, स्निग्धांश व तंतू मागे उरतात आणि मक्यातील आठ-नऊ टक्के प्रथिनांचे प्रमाण या चोथ्यात २६ ते ३० टक्क्यांवर जाते. वाळवलेल्या चोथ्याला व्यापारी डी.डी.जी.एस. म्हणतात.

ओल्या चोथ्यात दोनतृतीयांश पाणी असते. उन्हाळ्यात तो दोन-चार दिवसांत बुरसतो, म्हणून पंचक्रोशीबाहेर जात नाही. वाळवला तर टिकतो, परंतु वाऱ्यावर उडतो आणि कोठारात वा वॅगनमध्ये ढेप होऊन बसतो. अमेरिकेच्या मकापट्ट्यात अशा वॅगनी हातोडे मारून रिकाम्या कराव्या लागत. त्यावरचा उपाय म्हणजे चोथ्याला वाफ देऊन, साच्याच्या छिद्रांतून दाबून त्याची गोळी पाडणे. हे काम दिसते तितके सोपे नाही. गोळी बांधून ठेवणारे पिष्ट आसवनीने आधीच खाल्लेले असते आणि उरलेल्या तेलामुळे माल पुरेसा दाबला न जाताच साच्यातून निसटतो. म्हणून त्यात कोठे मळी, कोठे धान्याची भरड मिसळावी लागते.

गोळी झाली की तेवढेच वजन कमी जागेत मावते आणि दूरचा प्रवास परवडतो. अर्थकारण बदलते ते येथे. ओला चोथा परिसरातील गोठ्यांनाच विकावा लागतो. गोळीला देशभरचे गिऱ्हाईक मिळते. (तंत्राला पक्ष नसतो असे मानणाऱ्यांनी या साच्यापाशी घटकाभर उभे राहावे.) मका विकणारा शेतकरी त्याच मक्याचा तिसरा हिस्सा पुढे पोत्यातून, पेंडीच्या भावाने, विकत घेतो. स्वस्त डी.डी.जी.एस.मुळे सोयापेंडीची मागणी घटते, ती झळ वेगळीच. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना मराठवाडा-विदर्भातील अनेक बाजार समित्यांत भाव त्याच्या खालीच राहिला. त्याचे हे एकमेव कारण नव्हे. खाद्यतेलाची आयात व जागतिक मंदीही होतीच. परंतु पेंडीचा उठाव पडला हे तेलगिरणीवाल्यांनीच सांगितले.

मग इथेनॉलला विरोध करावा काय? तसा विरोध सोपा आहे आणि निष्फळही. मार्च २०२५मध्ये केंद्राने सहकारी साखर कारखान्यांच्या आसवन्या मक्यावरही चालाव्यात म्हणून व्याज सवलतीची योजना आणली. म्हणजे उद्या हा चोथा सभासदांच्याच मालकीच्या आवारात निघणार. तो निविदा काढून व्यापाऱ्याला द्यावयाचा की तालुका दूध संघाने गोळीयंत्र बसवून सभासदांच्या गोठ्यात पोहोचवावयाचा, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारण्याचा आहे. जवळच्या गावांना ओला चोथाच दिला तर वाळवण्याचे इंधन वाचते; आसवनीच्या खर्चात ही बाब लहान नाही. गोळी करावी ती उरलेल्या मालाची.

एका बाबतीत मात्र सहकाराच्या नावावरही विसंबून चालणार नाही. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन आंबवण्याने नष्ट होत नाही. उलट चोथ्यात ते सुमारे तिप्पट दाट होते आणि जनावरामार्फत दुधात उतरते. सुट्या मालाचा करपलेला रंग व कुबट वास शेतकऱ्याला ओळखता येतो. गोळीत मळी आणि साचा दोन्ही झाकून टाकतात. म्हणून प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल, त्यातील प्रथिनांच्या व अफ्लाटॉक्सिनच्या आकड्यांसह, गावच्या दूध संस्थेच्या फलकावर मराठीत लागला पाहिजे आणि तो लागेपर्यंत पोती उतरवून घेऊ नयेत, असा ठराव संस्थांनी आताच करावा.