जग केवढं? चालाल तेवढं!

भूगोल शिकवण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. पाचवीच्या मुलांना मी दरवर्षी एक प्रश्न विचारायचो, "नाशिक ते मुंबई अंतर किती?" एखाददुसरा हुशार मुलगा किलोमीटरमध्ये सांगायचा, बाकीचा वर्ग एका सुरात ओरडायचा, "चार तास!" मी म्हणायचो, चूक. ही वेळ झाली, अंतर नव्हे. निवृत्तीनंतर एका संगणकाच्या खेळानं मला शिकवलं, की वर्गाचं उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं.

त्याचं असं झालं. २०२०चा मे महिना, टाळेबंदीचे दिवस. आम्ही नवरा-बायको नाशिकला, मुलगा अमेरिकेत. फोनवर रोज तेच बोलणं. जेवलास का? हो. काळजी घे. बरं, ठेवतो. चौथ्या मिनिटाला विषय संपायचे. एके दिवशी तो म्हणाला, "बाबा, आपण फिरायला जाऊ या." मला वाटलं, एकटेपणानं याचं डोकं फिरलं. पण त्यानं माझ्या संगणकावर एक खेळ बसवून दिला, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. हा खेळ २००४ सालचा. जगभरची माणसं एकाच वेळी त्याच्या काल्पनिक भूमीत वावरत असतात. २०१९ मध्ये कंपनीनं त्याचं मूळचं रूप पुन्हा खुलं केलं होतं. मुलानं मुद्दाम तेच निवडलं. का, ते मला नंतर कळलं.

आम्ही दोघं लांब कानांचे वनवासी झालो. आमचं गाव एका प्रचंड झाडाच्या माथ्यावर, आणि जायचं होतं माणसांच्या राजधानीला, दुसऱ्या खंडावर. आधी झाडाच्या पायथ्याचं बंदर, तिथून बोटीनं किनारा, मग धक्क्यावर दुसऱ्या बोटीची वाट पाहत उभं राहायचं. पलीकडे उतरल्यावर दलदल. तिथल्या मगरींपुढे आमच्यासारख्या नवख्यांचा काय निभाव लागणार? मी तीनदा मेलो. मेल्यावरही सुटका नाही! भूत होऊन स्मशानापासून आपल्या कलेवरापर्यंत चालत यावं लागतं. पुढे डोंगरातले बोगदे, बर्फाळ घाट, खुजांचं शहर आणि शेवटी भुयारी रेल्वे. राजधानीचे बुरुज दिसले, तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या.

पण खरी गोष्ट घडली ती धक्क्यावर. बोट येईना. दोघंही उगाच उड्या मारत उभे होतो. तेवढ्यात कानातल्या हेडफोनमधून मुलाचा आवाज आला, "बाबा, माझी नोकरी गेलीय. महिना झाला. आईला सांगू नका." फोनच्या चार मिनिटांत जे बाहेर आलं नव्हतं, ते बोटीची वाट पाहताना आलं. बोट आली, गेली, पुन्हा आली. आम्ही तिथंच होतो.

नंतर आम्ही त्याच खेळाची नवी आवृत्तीही खेळून पाहिली. तिथं सगळं झटपट. २००९च्या डिसेंबरात या खेळात एक सोय आली. बटण दाबायचं, यंत्र पाच जणांची टोळी जमवतं आणि थेट गुहेत नेऊन सोडतं. काम संपलं की जिथून उचललं, तिथं परत. वाटच नाही. आठवड्याभरात आम्ही दहा गुहा पाहिल्या. त्या कुठल्या डोंगरात होत्या, हे भूगोलाच्या या मास्तरला आजही सांगता येणार नाही. आणि बोलणं? "डावीकडे जा", "उजवीकडे जा", एवढंच.

मग मी थोडा शोध घेतला. हे दुखणं जुनंच निघालं. 'एव्हरक्वेस्ट' नावाचा खेळ १९९९ मध्ये आला. त्यात खंडाखंडांतून जहाजं चालत. जहाज चुकलं की ताटकळायचं. काही जादूगारांना माणसं दूर पोचवण्याची विद्या होती, त्यांना लोक पैसे देऊन विनवण्या करत. २००२ मध्ये खेळात एक मध्यवर्ती नगरी आली. तिथून जवळपास प्रत्येक मोठ्या शहराकडे क्षणात जाता येऊ लागलं. सोय मोठी झाली, पण जादूगारांचा धंदा बसला आणि वाटेवरच्या जागा ओस पडल्या. हमरस्ता गावाबाहेरून गेला की जुन्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीचं जे होतं, तेच.

नकाशा मोठा काढल्यानं जग मोठं होत नाही. १९९६ च्या 'डॅगरफॉल' या एकट्यानं खेळायच्या खेळाची भूमी ब्रिटनएवढी असल्याचं त्याची कंपनी सांगे. पण गावांच्या मधल्या वाटेवर पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं. मग लोक नकाशावर बोट ठेवून पोचत. एवढा अवाढव्य मुलूख उरला एक गावांची यादी होऊन. उलट, आमची ती दलदल काही मिनिटांत ओलांडता येते. मला मात्र ती आयुष्यभर पुरेल एवढी मोठी वाटते.

आइसलँडच्या एका कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातला खेळ २००३ पासून चालू आहे. त्यात हजारो तारकामंडळं आहेत. माल जहाजात घालून स्वतः वाहून न्यावा लागतो. म्हणूनच एकाच वस्तूचे भाव ठिकठिकाणी निराळे असतात आणि व्यापाऱ्याला पोट भरता येतं. पण पुढे बलाढ्य टोळ्यांची अजस्र जहाजं लांब उड्या मारत काही मिनिटांत कुठेही पोचू लागली. दूरच्या कोपऱ्यातला लहान गटही त्यांच्या टप्प्यात आला. शेवटी २०१४ च्या नोव्हेंबरात कंपनीनंच लगाम घातला. लागोपाठ उड्या मारल्या की चालकाला 'थकवा' येणार, आणि पुढच्या उडीसाठी थांबावं लागणार. दुबळ्याला अंतराचाच आडोसा असतो, हे त्या कंपनीनं ओळखलं.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री जेमतेम एक तास मिळतो. त्यातली वीस मिनिटं त्यानं धक्क्यावर का घालवावीत? त्याची तक्रार रास्त आहे. मी निवृत्त माणूस, मला वेळ आहे म्हणून त्याला उपदेश करणं बरं नव्हे. बिकट वाटेचीही दहाव्यांदा कटकटच होते.

यावर तोडगा त्या जुन्या खेळातच होता. तिथं गरुडासारख्या पक्ष्यावर बसून जाता येतं, पण ज्या ठाण्यावर तुम्ही एकदा स्वतः पोचला असाल, तिथंच. घरी परतायला एक जादूचा दगड असतो. तो वापरला की तासभर गप्प. २०१५ मध्ये याच खेळात, नव्या प्रदेशांत उडणं बंदच ठेवायचं कंपनीनं जाहीर केलं. खेळाडू भडकले. काही आठवड्यांतच मधला मार्ग निघाला : आधी सगळा मुलूख जमिनीवरून पालथा घाला, मग खुशाल उडा. आधी पाय, मग पंख. मला हा न्याय पटतो. चाललेल्या वाटेवरून उडताना खालचं झाड न् झाड ओळखीचं असतं.

आपल्याकडे जुनी माणसं अंतर कसं सांगत? 'हाकेच्या अंतरावर.' म्हणजे मोजायला काठी नव्हे, तर माणसाचा आवाज.

मुलाला त्या वर्षीच्या दिवाळीत नोकरी लागली. आईला त्यानं सगळं सांगितलं, ती दोघांवरही रागावली. आजही रविवारी सकाळी आम्ही तासभर त्या जुन्या जगात भेटतो. तिथं त्याची रात्र असते, इथं माझा चहा. आता दोघांकडेही पंख आहेत. तरी कधी तो म्हणतो, "बाबा, आज बोटीनं जाऊ या." मी ओळखतो, याला काहीतरी सांगायचं आहे. मी धक्क्यावर जाऊन उभा राहतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)