घरातील आवाजांची जपणूक



मंडळाचे कपाट आवरताना जुन्या कॅसेटींचा एक खोका निघाला, आणि तो ठेवावा की टाकावा यावर कार्यकारिणीत बराच खल झाला. तो ठेवला गेला. अशा कॅसेटींतील आवाज घरच्या घरी संगणकावर उतरवून घेण्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट लोकांपुढे आणली. पुढे ती घरोघर पोचली, आणि गावापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांकडे तिने पत्राचेही काम केले. ट्रंककॉल लावून तासन् तास खोळंबण्याचे ते दिवस. गावाहून परतणाऱ्या कोणाच्या तरी हाती कॅसेट यायची. तिच्यात वडीलधाऱ्यांची विचारपूस, बारशाचा पाळणा आणि मध्येच कोंबड्याचे आरवणे! विकत घेतलेल्या नाट्यगीतांच्या कॅसेटींची आम्हांस फारशी चिंता वाटत नाही. त्यांतील पुष्कळसे अन्यत्र मिळते. चिंता आहे ती, जिच्यावर बॉलपेनने नाव लिहिले आहे आणि जिची दुसरी प्रत जगात नाही, त्या कॅसेटीची.

फीत म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर दिलेला चुंबकीय लेप. तिची रुंदी चार मिलिमीटरहूनही कमी. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीतील फीत साठ मिनिटांच्या फितीहून पातळ असते, म्हणून ती अधिक जपावी. दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी चढते. ती दिसल्यास कॅसेट यंत्रात घालूच नये. यंत्रही बिघडते आणि बुरशी पुढच्या कॅसेटीस लागते.

कॅसेटीच्या मागच्या कडेला दोन इवल्या पट्ट्या असतात. त्या आधी मोडाव्यात, म्हणजे चुकून तीवर नवे ध्वनिमुद्रण होणार नाही. यंत्राचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडविलेल्या कापसाने पुसून कोरडे होऊ द्यावे. फीत एकदा शेवटापर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी. मग यंत्राच्या ‘लाइन आऊट’मधून तार काढून संगणकास जोडावी, संगणकाला तशी खाच नसल्यास मध्ये यूएसबीची छोटी डबी लागते. ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. आवाजाची पातळी थोडी कमीच ठेवावी, कारण शून्य डेसिबलच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि तो पुन्हा सांधता येत नाही. तासाभराच्या कॅसेटीला तासभर बसावे लागते, त्याला इलाज नाही. आमच्या मते तो तास या कामातील सर्वांत सुखाचा.

आमच्या हातून घडलेली चूक येथे सांगितलीच पाहिजे. एका कॅसेटीत आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. खरखर काढण्याची सोय संगणकात असते. खरखरीचा एक नमुना दाखविला की तो तसला आवाज सगळीकडून पुसतो. आम्ही आरंभीचा तुकडा नमुना म्हणून दिला. त्यात आजी अजून गाऊ लागली नव्हती, पण जाते फिरत होते. फितीची खरखर गेली आणि तिच्याबरोबर जात्याची घरघरही गेली! मागे उरलेला आजीचा आवाज विहिरीतून यावा तसा पोकळ झाला. मूळ नोंद आम्ही वेगळी ठेवली नव्हती. पुन्हा फीत लावली तेव्हा ती यंत्रात गुंतली. हळूहळू सोडविली, पण शेवटच्या दोन ओव्या चुरगळल्या त्या चुरगळल्याच.

तेव्हापासून मूळ नोंद आम्ही वेव्ह स्वरूपात जशीच्या तशी ठेवतो आणि सफाई करावयाची ती दुसऱ्या प्रतीवर. सीडीच्या प्रतीने उतरविल्यास तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. आज ती काहीच नव्हे. नातेवाइकांना धाडण्यास एमपीथ्री पुरे. एक प्रत दुसऱ्या गावी, भावाबहिणीकडे असावी.

प्रत्येक नोंदीला नाव, गाव, साल आणि बोलणाऱ्यांची नाती लिहून ठेवावीत. हे काम संगणक करीत नाही, आणि आवाज ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

मंडळाच्या त्या खोक्यातील एका कॅसेटीवर केवळ ‘गणपती, दुसरा दिवस’ एवढेच लिहिले आहे. नाटकाच्या मध्यंतरात ध्वनिमुद्रण चालूच राहिले असावे. कोणी एक बाई मुलाला म्हणतात, “बाबांचा प्रवेश आला की झोपू नकोस हं.” बाबा कोण, मूल कोण, काही कळत नाही. चहापानानंतर ती कॅसेट आम्ही येथे लावणार आहोत. ज्येष्ठ मंडळींनी कृपया तेवढा वेळ थांबावे.