कानाला सवय होत नाही
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



न्यासाने या वर्षी मुलामुलींसाठी नेमबाजीचा वर्ग काढण्याचे ठरविले आहे. जुना नेमबाज म्हणून चार शब्द सांगावयास मला उभे केले आहे. नेम कसा धरावा हे शिकवावयास शिक्षक येणार आहेत. मी कानांविषयी बोलणार आहे.

1968 साली एन.सी.सी.त असताना मी प्रथम महूच्या चांदमारीवर थ्री-नॉट-थ्री चालविली. संध्याकाळी कानांना दडे बसले. उस्ताद म्हणाले, ‘‘सवय होते.’’ दुसऱ्या दिवशी दडे सुटले आणि मला ते खरे वाटले. पुढे वीस वर्षे मी कापसाच्या बोळ्यावर भागविले. आज नात ‘साठ’ म्हणाली तर मला ‘आठ’ ऐकू येते, आणि डाव्या कानात रात्रंदिवस रातकिडा ओरडत असतो. सवय झाली ती घरच्या मंडळींना, मोठ्याने बोलण्याची!

असे का होते ते थोडक्यात सांगतो. आपल्या अंतःकर्णात केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात सुमारे 15,000. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. साधे बोलणे सुमारे 60 डेसिबलचे असते. पॉइंट टू-टू रायफलीचा बार 140 च्या आसपास, तर मोठ्या रायफलीचा 150 च्या पुढे जातो. आणि दर 10 डेसिबलला आवाजाची शक्ती दसपट वाढते. कानातील स्नायू सावध होऊन आवळेपर्यंत आघात होऊन गेलेला असतो. प्रथम उंच स्वर जातात, म्हणून ‘स’, ‘श’ अशी व्यंजने हरवतात. उजव्या खांद्याला बंदूक लावणाराचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. म्हणून डावा आधी बिघडतो.

आता उपाय. कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी आहे. फोमचे बूच स्वस्त आणि उत्तम, मात्र नीट बसले पाहिजे. स्वच्छ हातांनी ते वळून बारीक करावे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढावी, बूच आत सारावे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावे. नीट बसले की आपलाच आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. मळलेले बूच टाकून द्यावे. रबरी असेल तर कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे.

दुसरे साधन इयरमफ. लहान मुलांना हे सोपे. त्याची गादी कानाभोवती सर्व बाजूंनी टेकली पाहिजे. मध्ये केस, टोपी किंवा चष्म्याची जाड काडी आली की फट पडते आणि फटीतून आवाज शिरतो. घाम पुसून ठेवावे, उन्हात किंवा तापलेल्या मोटारीत टाकू नये. गादी कडक झाली, चिरली किंवा वरची कमान सैल पडली की तो भाग बदलावा. छपराखालच्या चांदमारीत आवाज भिंतींवरून परत येतो. तेथे किंवा मोठ्या रायफलीसाठी बूच आणि वर मफ, दोन्ही वापरावीत. दोहोंच्या डब्यांवरील आकड्यांची बेरीज मात्र करू नये. दुसऱ्याने साधारण 5 डेसिबलचीच भर पडते.

आपला वर्ग हवेच्या रायफलीने सुरू होईल. तिचा आवाज पुष्कळ कमी, पण शिस्त तेथेच लागते. ‘‘कान झाकले?’’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला जावा, आणि शिक्षकांनी व पाहावयास उभ्या राहिलेल्या पालकांनीही तो पाळावा. बार झाल्यावर कानात गुणगुण राहिली, तर ती सूचना समजून त्या दिवशी थांबावे. वर्षातून एकदा मुलांची श्रवणचाचणी व्हावी.

विश्वस्तांना माझी एकच विनंती आहे. यादीत रायफली वर आणि इयरमफ ‘जमल्यास’ म्हणून खाली लिहिले आहेत. तो क्रम उलटा करावा. एक रायफल कमी आली तर मुले पाळीपाळीने नेम धरतील. गेलेला कान मात्र कोणत्याही देणगीने परत येत नाही.