दहा वर्षांचे पत्ते
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला पाच मिनिटं दिली आहेत आणि ‘इतरांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी सांगा’ अशी सूचना केली आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, पण त्यातलं आता तुमच्या मुलांनाच माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी पत्त्यांबद्दल बोलणार आहे. आपल्यापैकी अनेकांची मुलं बाहेरदेशी जायच्या तयारीत आहेत, त्यांच्या हे कामी येईल.

२०१९च्या सुरुवातीला आम्ही पुण्याहून कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, अर्ज केला. त्यांचं आमंत्रण आलं की पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. पदवी, नोकरीची पत्रं, इंग्रजीची परीक्षा, सगळं तयार होतं. वेळ खाल्ला तो एका साध्या प्रश्नाने: गेल्या दहा वर्षांत तुम्ही कुठे कुठे राहिलात? प्रत्येक पत्ता, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. मूल लहान असेल तर अठराव्या वाढदिवसापासून पुढे. मधला एकही महिना रिकामा ठेवायचा नाही. आणि त्याच्या जोडीला दुसरा तक्ता: त्याच दहा वर्षांत तुम्ही काय करत होतात? शिक्षण, नोकरी, बेकारी, जे असेल ते. तिथेही खंड नको, आणि दोन्ही तक्ते एकमेकांशी जुळायला हवेत.

माझ्या आईला हा प्रश्न विचारला असता तर एका ओळीत उत्तर झालं असतं. लग्न होऊन ती ज्या घरात आली त्याच घरात आजही आहे. माझे मात्र दहा वर्षांत नऊ पत्ते निघाले. कॉट बेसिसची जागा, सासरचं घर, अकरा-अकरा महिन्यांचे करार, ऑनसाइट असतानाची जर्मनीतली खोली, आणि शेवटी कर्ज काढून घेतलेला फ्लॅट.

मग मी आमच्या धंद्यातली पद्धत वापरली. एक्सेलमध्ये १२० ओळी केल्या, एका महिन्याला एक. प्रत्येक ओळीपुढे पत्ता, काम आणि पुरावा असे तीन रकाने. भाड्याच्या घरांच्या तारखा करारांवरून मिळाल्या. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरार नोंदवावा लागतो, त्याचा असा फायदा झाला. नोकरीचे महिने पीएफच्या पावत्यांवरून, परदेशातले पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून, आणि उरलेले गॅस कनेक्शन बदलल्याच्या कागदांवरून आणि घरी मागवलेल्या पार्सलांच्या जुन्या ईमेलांवरून लागले. जर्मनीत मी सलग सात महिने होते. अठरा वर्षांचे झाल्यावर, गेल्या दहा वर्षांत एखाद्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, तर त्या देशाचा पोलिस दाखला लागतो. भारताचा आपल्या पासपोर्ट कार्यालयातून मिळतो, जर्मनीचा तिकडून मागवावा लागला.

आपले पत्ते त्या चौकटींत बसवणं हीदेखील एक करामतच. ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी’ हे तिथे कुठे लिहिणार? शेवटी पिनकोडचा आधार. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेली ही सहा अंकांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी, संस्कृतपंडित अधिकाऱ्याने आखली. आणि बाई, पत्रलेखनात उजव्या कोपऱ्यात पत्ता आणि तारीख नसली तर तुम्ही अर्धा गुण कापायचात. कॅनडा सरकार अर्धा गुण कापत नाही, अर्जच परत पाठवू शकतं!

एवढं करून ११६ ओळी भरल्या. चार उरल्या: मार्च ते जून २००९. जगभर मंदी होती, मार्चमध्ये माझी बंगळूरूची नोकरी गेली होती. मुलाखतींसाठी पुण्यात राहणं भाग होतं आणि भाडं भरायला पैसे नव्हते. घरी तर अजून सांगितलंही नव्हतं. ते चार महिने मी एका मैत्रिणीच्या घरी राहिले. करार नाही, पावती नाही, माझ्या नावाचं एक पत्रसुद्धा त्या पत्त्यावर आलेलं नाही.

एका ओळखीच्या गृहस्थांनी सल्ला दिला, “बंगळूरूचाच पत्ता जूनपर्यंत ओढा. कोण बघतंय?” नोकरीच्या तक्त्यातही तसंच करा म्हणाले. पण खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडाचे दरवाजे पाच वर्षं बंद होतात. आणि ते सोडलं तरी, ते चार महिने खोडायला माझं मन होईना.

मी मैत्रिणीला फोन केला. तारखा तिला पाठ होत्या. “तू होळीच्या दुसऱ्या दिवशी आलीस, आणि पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्या आठवड्यात गेलीस. लिहून घे, फ्लॅट नंबर सात.” त्या वन बीएचकेमध्ये ती, तिचा नवरा, तान्हं बाळ आणि सासूबाई राहत होत्या. चार महिन्यांत त्या माउलीने मला एकदाही विचारलं नाही, की किती दिवस राहणार. मी अर्जात तो पत्ता लिहिला, कामाच्या रकान्यात ‘बेरोजगार’ लिहिलं, आणि सोबत चार ओळींचं स्पष्टीकरण जोडलं. अर्ज मंजूर झाला. त्या चार महिन्यांबद्दल कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

ती मैत्रीण आत्ता याच सभागृहात बसली आहे. नाव घ्यायचं नाही असं तिने बजावलं आहे, म्हणून घेत नाही. तिच्या सासूबाई आता नाहीत. पण कॅनडा सरकारच्या दप्तरात त्यांच्या घराचा पत्ता माझा म्हणून नोंदलेला आहे, याचं मला फार समाधान वाटतं.

तेव्हा माझी एवढीच विनंती. मुलाच्या किंवा मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला एक साधी वही द्या. घर बदललं की पत्ता, पिनकोड, महिना आणि घरमालकाचा फोन त्यात लिहायला सांगा. अडचणीच्या काळात ज्याच्याकडे राहिलात त्याचाही पत्ता लिहा, तो गाळू नका. आणि तुमच्या दारात कोणाचं मूल चार महिन्यांसाठी आलं, तर ‘किती दिवस’ हे विचारू नका.