हसवणाऱ्या खात्याचे अर्थशास्त्र

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले अशा माणसाने आज करमणुकीच्या कार्यक्रमांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण या विषयाचा आपल्या चळवळीशी संबंध नाही असे नाही. आठ तास काम, आठ तास झोप आणि उरलेले आठ तास माणसाचे स्वतःचे, ही मागणी कामगारांनीच केली. ती मान्य झाल्यावर त्या उरलेल्या आठ तासांवर सत्ता कोणाची चालते, हा प्रश्न मात्र आपण अर्धवट सोडून दिला. भाकरीचा हिशेब आपण चोख मांडतो. हसण्याचा हिशेब मांडणे आपल्याला कमीपणाचे वाटते. तो हिशेब एका माणसाच्या कारकिर्दीच्या आधारे मांडावा, एवढाच आज माझा हेतू आहे.

हा माणूस म्हणजे एरिक मॅश्विट्झ. १९०१ साली बर्मिंगहॅमजवळ जन्मलेला आणि केंब्रिजमध्ये शिकलेला हा गृहस्थ १९२६ साली बीबीसीच्या नोकरीत शिरला. पुढच्याच वर्षी कार्यक्रमांची माहिती देणाऱ्या ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकाचे संपादकपद त्याच्याकडे आले. १९३३ साली बीबीसीने विविध रंजनासाठी स्वतंत्र खाते उघडले आणि त्याचा पहिला संचालक म्हणून त्याला नेमले. १९३७ साली तो हॉलिवूडला गेला, महायुद्धात त्याने गुप्त कामगिरी केली, रंगभूमीसाठी संगीतिका लिहिल्या आणि १९५८ साली बीबीसी दूरचित्रवाणीच्या हलक्या मनोरंजनाच्या खात्याचा प्रमुख म्हणून तो परत आला. तो स्वतः गीतकारही होता. ‘दीज फूलिश थिंग्ज’ हे १९३६ सालचे जगप्रसिद्ध गीत त्याचेच. परंतु ते त्याने होल्ट मार्व्हेल या टोपणनावाने लिहिले. दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या माध्यमांत एकच काम करण्याची संधी फार थोड्यांना मिळते. म्हणूनच त्याची कारकीर्द अभ्यासण्याजोगी आहे.

आता थोडे अर्थशास्त्र. नभोवाणीचा कार्यक्रम ही विलक्षण वस्तू आहे. तो एकाने ऐकला काय किंवा दहा लाखांनी ऐकला काय, तयार करण्याचा खर्च तेवढाच. नव्या श्रोत्यामुळे जुन्याचा वाटा कमी होत नाही आणि त्या काळच्या यंत्रसामग्रीत, कोण ऐकतो ते पाहून पैसे घेण्याची सोयही नव्हती. मग खर्च द्यायचा कोणी? सरकारने, जाहिरातदाराने किंवा सर्व श्रोत्यांनी मिळून. ब्रिटनने तिसरा मार्ग पत्करला. रेडिओ बाळगणाऱ्या प्रत्येक घराने वर्षाला दहा शिलिंगांचा परवाना घ्यायचा. हा दर १९२२ पासून १९४६ पर्यंत बदलला नाही. १९३९ च्या सुमारास परवान्यांची संख्या नव्वद लाखांच्या घरात गेली होती. हा कर गरीब-श्रीमंतांवर सारखाच पडत होता, हा त्याचा दोष आपण नाकारू नये. पण त्यात एक गुणही होता. ज्याचे दहा शिलिंग, त्याचा हक्क. खाणकामगाराचे दहा शिलिंग सरदाराच्या दहा शिलिंगांपेक्षा हलके नव्हते. खाणकामगाराला दिवसभराच्या श्रमानंतर हसावेसे वाटत असेल, तर ते त्याचे देणे होते. ती कोणाची मेहेरबानी नव्हती.

हे देणे फेडणे सोपे नव्हते. संगीत-रंगभूमीवरचा विनोदी नट एकच नक्कल घेऊन गावोगाव फिरे आणि तीच नक्कल वर्षानुवर्षे त्याचे पोट भरी. तेच त्याचे भांडवल. नभोवाणीने ते भांडवल एका रात्रीत खाऊन टाकले. कारण सोमवारी सगळ्या देशाने ऐकलेला विनोद मंगळवारी शिळा होत असे. त्यामुळे नाट्यगृहांच्या मालकांना रेडिओ शत्रू वाटे आणि आपल्या कलावंतांना ते तिथे जाण्यास मज्जाव करीत. यावर टिकाऊ उपाय एकच होता : रेडिओसाठीच लिहिलेले, रेडिओसाठीच रचलेले साहित्य. मॅश्विट्झने १९३२ साली ‘गुडनाइट व्हिएन्ना’ ही संगीतिका खास नभोवाणीसाठी लिहिली होती. खाते हाती आल्यावर त्याने ‘इन टाउन टुनाइट’सारखे कार्यक्रम सुरू केले. त्यात नामवंतांबरोबर रस्त्यावरची साधी माणसेही ध्वनिक्षेपकापुढे येत. पुढे दर आठवड्याला नवे लिहून देणाऱ्या पटकथाकारांचा आणि विनोदलेखकांचा स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. सार्वजनिक पैशाने निर्माण केलेला हा रोजगार आणि हे कौशल्य कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

परंतु याच काळात बीबीसीने एक मोठी चूक केली. महासंचालक जॉन रीथ यांच्या धोरणानुसार रविवार हा प्रार्थनेचा आणि गंभीर कार्यक्रमांचा दिवस राही. कामगाराच्या सुट्टीचा दिवसही तोच. मग काय झाले? लोक गंभीर झाले नाहीत. त्यांनी रेडिओची कळ फिरवली. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रेडिओ नॉर्मंडी आणि १९३३ पासून रेडिओ लक्झेंबर्ग इंग्रजीत हलकीफुलकी गाणी लावीत आणि मधून मधून साबण व औषधे विकीत. रविवारी ब्रिटनचा मोठा श्रोतृवर्ग त्यांच्याकडे वळला. रंजन खात्याकडे माणसे होती, कौशल्य होते; फक्त रविवारचे दार बंद होते.

आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटली पाहिजे, कारण वीस वर्षांनी ती आपल्याकडे जशीच्या तशी घडली. डॉ. बाळकृष्ण केसकर १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी जे केले त्याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण चित्रपटगीतांना त्यांनी आकाशवाणीचे दार लावून घेतले आणि त्याच वर्षअखेरीस रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत तयार होई, ध्वनिमुद्रण कोलंबोला जाई आणि तेथून टूथपेस्टच्या नावाने साऱ्या भारतात ऐकू येई. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. १९६७ साली तिच्यावर जाहिरातीही आल्या. सार्वजनिक संस्थेने हलकेपणाला दार लावले की लोक सुसंस्कृत होत नाहीत, ते विक्रेत्याच्या दारात जातात, हा धडा लंडनमध्ये आणि दिल्लीत सारखाच मिळाला.

आता मॅश्विट्झच्या दुसऱ्या पर्वाकडे वळू. २२ सप्टेंबर १९५५ रोजी ब्रिटनमध्ये जाहिरातींवर चालणारी दूरचित्रवाणी सुरू झाली. ज्या घरांत दोन्ही वाहिन्या दिसत, तेथील प्रेक्षकांपैकी दहांतील सातांच्या आसपास लोक लवकरच नव्या वाहिनीकडे गेले. बक्षिसांचे खेळ, नाट्यगृहांतून थेट दाखविलेले रंजन, अमेरिकन मालिका असे सगळे तिथे होते. अशा वेळी, १९५८ साली, सत्तावन्न वर्षांचा मॅश्विट्झ परतला. १९३३ साली त्याला श्रोत्यांची संख्या मोजून कोणी दाखवीत नव्हते. बीबीसीचे श्रोतृसंशोधनच मुळी १९३६ साली सुरू झाले. आता मात्र रोज सकाळी आकडे हजर होत. खाते तेच होते. पण आकड्यांच्या धाकाखाली ते चालवणे ही वेगळी नोकरी होती.

या धाकाचे बरे-वाईट दोन्ही परिणाम त्याच्या काळात दिसतात. एकीकडे ‘हॅन्कॉक्स हाफ अवर’ ही विनोदी मालिका होती. कनिष्ठ मध्यमवर्गीय माणसाची फुशारकी आणि त्याचे एकाकीपण तिने नाटकाच्या ताकदीने उभे केले. दुसरीकडे १९५८ सालीच ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ सुरू झाला. गोऱ्या गायकांनी तोंडाला काळे फासून गाणी म्हणायची, असा हा कार्यक्रम. तो अफाट लोकप्रिय झाला, १९६१ साली त्याला माँत्रोचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. १९६७ साली वर्णभेदविरोधी कार्यकर्त्यांनी तो बंद करण्याची लेखी मागणी केली. तरी तो १९७८ पर्यंत चालला. वेस्ट इंडीजमधून येऊन लंडनच्या बसगाड्या चालविणारे आणि रुग्णालयांत राबणारे कामगारही परवान्याचे पैसे भरतच होते. त्यांच्याच पैशाने त्यांची टिंगल होत होती. मित्रहो, सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप न्याय, अशा समजुतीत राहणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. मालकी सर्वांची असली, तरी खुर्चीवर बसलेले सगळे एकाच वर्णाचे आणि एकाच वर्गाचे असतील, तर बहुसंख्यांची करमणूक अल्पसंख्यांच्या अपमानातून उभी राहू शकते.

तरीही दुसरी बाजू आहेच. १९६१ साली मॅश्विट्झची जागा टॉम स्लोन यांनी घेतली. हॅन्कॉकपासून वेगळे झालेल्या गॉल्टन आणि सिम्प्सन या लेखकद्वयाला त्यांनी दहा स्वतंत्र विनोदी नाटिका लिहायला सांगितले. विषयाची अट नव्हती. त्यांतल्या एका नाटिकेतून भंगार गोळा करणाऱ्या बापलेकांची ‘स्टेप्टो अँड सन’ ही मालिका १९६२ साली जन्मली. दारिद्र्यात एकमेकांना बांधलेली ती दोन माणसे पाहून प्रेक्षक हसले आणि त्यांना चटकाही लागला. मॅश्विट्झ तेव्हा कार्यक्रम-नियंत्रकांचा सल्लागार होता. त्याच वर्षी त्याने विज्ञानकथांवर दूरचित्रवाणीसाठी काही करता येईल का, याची पाहणी करायला सांगितले. ज्या विचारविनिमयातून नोव्हेंबर १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ ही मालिका पडद्यावर आली, त्याची सुरुवात येथे आहे. दहा नाटिकांपैकी नऊ विसरल्या जाण्याची मुभा आणि विक्रीला काही नसताना पाहणी करण्याची मुभा, ही परवाना शुल्काची खरी कमाई. मॅश्विट्झ स्वतः पुढे १९६३ साली प्रतिस्पर्धी व्यापारी वाहिनीकडे गेला, हेही नोंदवले पाहिजे. तो कोणी समाजवादी संत नव्हता. व्यवस्था चांगली असेल तर तिला संतांची गरज लागत नाही.

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालीच बीबीसीच्या मक्तेदारीवर ग्रंथ लिहून तिचे समर्थन पोकळ असल्याचे दाखविले होते. मक्तेदारीविषयी त्याचे म्हणणे खरे होते. स्पर्धेने बीबीसीची झोप उडाली, हे आपण मान्य करू. परंतु कोणत्या गोष्टीसाठी स्पर्धा, हा प्रश्न उरतोच. ब्रिटनमध्ये दोन्ही संस्था एकाच प्रेक्षकासाठी झगडत होत्या, पण त्यांच्या थैल्या वेगळ्या होत्या. दोघींनी एकाच जाहिरातदाराच्या थैलीत हात घातला असता, तर दोघींनी एकच माल विकला असता. १९८६ साली अॅलन पीकॉक या बाजारवादी अर्थशास्त्रज्ञाच्या समितीनेही बीबीसीवर जाहिराती आणण्याची शिफारस केली नाही, हे बोलके आहे.

आपण मात्र उलट केले. १९८० च्या दशकात रेडिओ-दूरचित्रवाणीचा परवाना रद्द झाला, प्रायोजित मालिका आल्या. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला, पण अंमलात यायला १९९७ साल उजाडले. आपली सार्वजनिक प्रसारणसंस्था तिजोरीसाठी सरकारकडे आणि उरलेल्यासाठी जाहिरातदाराकडे पाहते. श्रोत्याकडे पाहण्याचे तिला कारणच उरले नाही. आज हातातल्या फोनवर करमणूक फुकट मिळते असे आपण म्हणतो. फुकट काहीच नसते. जिथे प्रेक्षक किंमत देत नाही, तिथे प्रेक्षकच विकला जात असतो.

म्हणून माझे आपल्याला सांगणे असे की करमणुकीला तुच्छ लेखण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. शाळा, दवाखाने आणि रेशन यांच्याइतकाच, दमलेल्या माणसाच्या संध्याकाळीचा खर्च कोणी उचलायचा, हा राजकीय प्रश्न आहे. आपल्या जाहीरनाम्यात सांस्कृतिक धोरणाचे एखादे पान असते. त्यात या खर्चाची, सरकारपासून व जाहिरातदारापासून मुक्त अशा निधीची आणि तो सांभाळणाऱ्या मंडळात कोणकोणत्या थरांतली माणसे असतील याची स्पष्ट मांडणी हवी. ती आपण केली नाही तरी लोक हसतीलच. त्या हसण्याचा हिशेब मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत लिहिला जाईल.